चार फळ्यांची गाडी

हऱ्या,

तुला जाऊन बारा दिवस झाले आणि तुझी जीप अजून कोणाला धड उलटी घेता येत नाही. काल मी घेऊन बघितली. मागे आपला ट्रेलर जोडलेला, समोर तुझं घर, बाजूला बोंबील वाळवायचे बांबू, आणि बघायला अर्धा वेसावा गाव. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. तिसऱ्या खेपेला बांबूचा एक खांब आडवा झाला आणि वरचे बोंबील जीपच्या टपावर येऊन पडले. हिरावहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. "भावजी, सुकानू धरल्यासारका धरा," त्या म्हणाल्या, "जिकरं जायाचं त्याच्या उलट." आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्या हसल्या म्हणून मला हे लिहायचा धीर झाला.

ट्रेलर हलवणं भागच आहे. होड्या वर घ्यायचे दिवस आले. बदामाच्या झाडाखाली आपली गाडी, म्हणजे हा ट्रेलर, उभी असते, तिथे पावसाळाभर तुझ्या भावकीतल्या दोन होड्या असतात. तू दरवर्षी त्या दोन्हींच्या मधे गाडी अशी घुसवायचास की दोन्ही बाजूंना हात घालायला जागा राहायची, तेवढीच. आता ते कोण करणार? दहिसर चेकनाक्याजवळ वडापाव लावणारा एक माणूस गाडी मागतोय. परवा वहिनींनी मला विचारलं, "ठेवायची का देऊन टाकायची ते तुमी सांगा, भावजी. माज्यानं नाय ठरत." मी म्हटलं, रविवारी सांगतो. आज शुक्रवार.

तू कुठे जन्मलास, किती होड्या बांधल्यास, ते सगळं गावाच्या फळ्यावर खडूने लिहिलंय, वाचणारे वाचतील. मला तुझ्याशी दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. एक आपलं जुनं भांडण. भांडुपची ती नवीकोरी गाडी सोडून तू हा डोळे तपासायचा डबा का घेतलास? सहा वर्षं विचारत आलो आणि सहा वर्षं तू मला एकच उत्तर दिलंस, जे उत्तर नव्हतंच. दुसरी गोष्ट मी तुला सांगायची होती आणि सांगितली नाही. ती आधी सांगतो, कारण गाडीचं मूळ तिथेच आहे.

तुला तो लॉज आठवतोय ना? घाटावरचा. त्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती आणि तुला जमीन बघायची होती. "आयुष्यभर पाणीच बघितलं रे माध्या. एकदा डोंगर बघूया जवळून." शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून बेत तू करायचास आणि लिखापढी माझ्याकडे. म्हणून लॉजला पत्र मी टाकलं, दोन खोल्या माझ्या नावावर ठरवल्या आणि तुझ्या जीपमधून, जिच्यातून एरवी बर्फ आणि टोपल्या अंधेरीच्या बाजारात जायच्या, आपण चौघं निघालो. तू, वहिनी, मी आणि माझी शालिनी. घाटात तू प्रत्येक वळणावर गाडी थांबवून खाली बघायचास आणि म्हणायचास, वाट लागली असती इथे होडीची.

लॉजचा मालक दारातच उभा होता. हिरावहिनींच्या पिशवीकडे बघून त्याने नाक मुरडलं. "काय आहे त्यात?" "सुका बोंबील," वहिनी म्हणाल्या, "घरचा हाय." यात काही लपवण्यासारखं असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. उलट घरचा आहे, चांगला आहे, अशा सुरात त्या बोलल्या. इथे चालायचं नाही, तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आपण कोण?" मी आडनाव सांगितलं. त्याचा चेहरा लगेच सैल झाला. "मग तुमची खोली तयार आहे. यांची सोय खाली बाजारात होते का बघा."

आणि मी काय म्हणालो, हऱ्या? मी म्हणालो, "वहिनी, ती पिशवी जरा जीपमध्ये ठेवता का?"

त्याला एक अक्षर बोललो नाही. जे बोललो ते वहिनींना. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, होडीत पाणी नेमकं कुठून येतंय ते तू बघायचास ना, तसं. मग वहिनींचा हात धरून म्हणालास, "चल हिरा, जीपमध्येच झोपू. तिथे वास आपलाच आहे." आणि मला म्हणालास, "तू वर जा रे. शालिनीला सर्दी झालीय."

मी वर गेलो. जिन्यात शालिनी म्हणाली, आपण पण खालीच जाऊया ना. मी म्हणालो, पाऊस आहे. तुम्हा दोघांवर तो पाऊस पडत नव्हता जणू. सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन तूच वर आलास आणि माझ्या कपात ओतलास. काल काही झालंच नाही असं वागलास. तुझं ते वागणं मी सोयीस्करपणे खरं मानलं, आणि मग रोज ठरवत राहिलो की आज हऱ्याला म्हणायचं, चुकलं माझं. सात वर्षं ठरवत राहिलो. मी ड्राफ्ट्समन माणूस, रेघ ओढायच्या आधी दहा वेळा पेन्सिल घासणारा. ही रेघ ओढायची राहून गेली.

लॉजहून परत आल्यावर तीन आठवड्यांनी तू माझ्या दारात उभा. "माध्या, यार, घर बरोबर न्यायचं. चाकांवर. जीपच्या मागे लावायचं आणि वाट्टेल तिथे थांबायचं. काय शिजवतो ते कुणाला सांगायला नको." मला लगेच सगळं कळलं. कळलं म्हणूनच मी जरुरीपेक्षा जास्त उत्साह दाखवला, कागद पुढे ओढला आणि चाकं काढायला लागलो. शालिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "लोक रंगीत टीव्ही घेतायत आणि तुम्ही दोघं मिळून चाकं घेताय." तू म्हणालास, "वहिनी, खिडकीतून रंगीतच दिसतं."

मग आपण गाड्या बघत हिंडलो. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा बाहेर पडणारी चार माणसं, पण मुलीला स्थळ बघावं तसं आपलं चाललं होतं. मुलुंडला एका कारखान्याच्या आवारात एक परदेशी इंजिनिअर स्वतःचा कॅरॅव्हॅन सोडून गेला होता. पांढरा शुभ्र, लांबलचक, आत गाद्या, पडदे, फळीचं मिटतं टेबल. मी हरखलो. तिथला माणूस एकेक दार उघडून दाखवत होता, आणि शेवटी चुलीच्या शेजारचं एक बारीक दार उघडून अभिमानाने म्हणाला, हा संडास. हिरावहिनींनी चुलीकडे बघितलं, संडासाकडे बघितलं. "पाठीला पाठ?" एवढं म्हणून त्या खाली उतरल्या त्या परत चढल्या नाहीत. शालिनीसुद्धा त्यांच्या मागोमाग उतरली. त्या दोघींचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं ते त्या दिवशी. मी आपला कंपाउंडबाहेर येईपर्यंत सांगत राहिलो की मधे पत्रा आहे.

आणि मग भांडुप. मला अजून ती गाडी दिसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा तो कारखानदार, त्याने कोणा गिऱ्हाइकासाठी हौसेने बनवलेली आणि गिऱ्हाइकाने नको म्हटलेली. ॲल्युमिनियमचा पत्रा, एका हाताने ढकलावी इतकी हलकी, बाजूला दार, खिडकीला जाळी, आत समोरासमोर दोन बिछाने. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी खिशातली टेप काढून मापं घेतली, तिथल्या तिथे सिगरेटच्या पाकिटावर नकाशा काढला. "दोघांना एकदम फिट," कारखानदार म्हणाला. मी म्हटलं, बस, हीच. एकदा तुम्ही दोघं जा, एकदा आम्ही दोघं. वाटून घेऊ. तू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यास, पत्र्यावर बोटं वाजवून बघितलीस, वाकून खालून पाहिलंस.

"नाय आवडली."

"अरे पण का?"

"नाळ वाकडी आहे तिची."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे मला तुझ्या संगतीने ठाऊक होतं. चौकोनी डब्याला नाळ कुठून आली? मी विचारलं तर म्हणालास, "तुला नाय कळणार." परतीच्या वाटेवर मी सिगरेटच्या पाकिटावरचा तो नकाशाच बघत बसलो. चिडलो होतो. एवढी स्वच्छ, सरळ, काटकोनातली वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि तू तिला वाकडी म्हणत होतास.

आणि पसंत काय केलंस? दहिसरला नदीच्या अलीकडे, कुठल्याशा बंद पडलेल्या धर्मादाय संस्थेच्या आवारात गवतात रुतलेली ती गाडी. तिच्यातून पूर्वी खेड्यापाड्यांत डोळे तपासायला जायचे. लाकडी अंग, हिरवा रंग पापुद्रे सुटलेला, दार एका बिजागरीवर, एक चाक जमिनीत. आत दोन्ही बाजूंना रोग्यांनी बसायची बाकं. मागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली. आणि एका बाकाखाली कोंबडी, अंड्यांवर. तू आत शिरलास, बाकांवर हात फिरवलास, वर छताकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलंस आणि बाहेर तोंड काढून म्हणालास, "झकास."

मी म्हटलं, हऱ्या, हिचा एक तरी कोन सरळ आहे का? तू म्हणालास, "सरळ मी करतो ना." रखवालदार म्हणाला, पिल्लं निघाल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही. आपण आठ दिवस थांबलो. त्या आठ दिवसांत मी तुला भांडुपची गाडी चौदा वेळा तरी सुचवली असेल.

त्या आठ दिवसांतलंच ते वाळूवरचं माप. मी रात्रंदिवस खपून मोठ्या कागदावर नकाशा केला होता, तू तो गुंडाळी करून काखेत मारलास आणि म्हणालास, "माप कागदावर नाय घ्यायचं. पाठीनं घ्यायचं." मासळी वाळवायच्या जागेत काठीने गाडीची रेघ काढलीस, अगदी चाकांसकट, आणि आम्हा तिघांना म्हणालास, झोपा. भर सकाळी, सगळ्या गावासमोर आपण चौघं वाळूत ओळीने आडवे. पलीकडून एक म्हातारी ओरडली, "काय गो हिरा, घरात जागा नाय?" शालिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनेच नंतर उभं राहून विचारलं की आत साडी कशी नेसायची. मग बांबू उभे करून त्याला आडवी दोरी बांधली आणि तिला रेघेच्या आत उभं राहून साडी झटकायला सांगितली. हात दोरीला लागले. छत वीतभर वर न्यायचं ठरलं. वहिनींनी विळी मागवली, रेघेत बसल्या, एक बांगडा चिरून बघितला, दोन्ही कोपरं मोकळी फिरली तेव्हा म्हणाल्या, "बस्स, हितं चूल." परदेशी इंजिनिअरने हे कधी केलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या नकाशात चूल दुसरीकडे होती. नकाशा मी अजून ठेवलाय.

दोन महिने तू त्या गाडीवर राबलास. छत उचललंस, सांध्यांत होडीला भरतात तसा कापूस भरून वर राळ ओतलीस. सहा पावसाळ्यांत तिच्यातून एक थेंब आत आला नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. खालच्या दोन बाकांच्या झोपायच्या फळ्या केल्यास, वर मिटवता येतील अशा आणखी दोन. चार फळ्या. मी म्हणत होतो, वरच्या दोन कशाला, वजन वाढतं. तू ऐकलं नाहीस. तक्ताही काढू दिला नाहीस. तुला तिसऱ्या ओळीच्या खालचं दिसत नव्हतं, आणि वहिनी चष्म्याचं काढायला लागल्या की तू म्हणायचास, ती अक्षरंच पुसट आहेत.

आणि मग आरे कॉलनी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या दिवसांना आलेले लोक म्हणत होते, हरेश्वरचा हात कधी चुकला नाही. चुकला. पाण्याचं पिंप, बर्फाची पेटी, स्टोव्ह, तांदळाचा डबा, सगळं तू गाडीच्या अगदी मागच्या टोकाला लावलंस. माझ्या ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं होतं की ट्रेलरचं वजन पुढे असावं. मी तुला सांगितलं. तू हसलास. "अरे, शेपूट जड पायजे. तेव्हाच नाळ उचलते आणि पाणी कापते." मी म्हटलं, पाणी कुठाय? तू म्हणालास, "बस गप्प."

रविवारी सकाळी, आरेच्या त्या झाडांमधल्या रस्त्यावर, उतार लागल्याबरोबर गाडी मागे शेपूट हलवायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग अशी की जीपच तिच्या मागे जायला लागली. शालिनीने रामरक्षा सुरू केली. वहिनी तुला कोळी भाषेत काय काय म्हणाल्या ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. शेवटी आपण रस्ता सोडून गवतात गेलो आणि म्हशींच्या गोठ्यासमोर थांबलो. एक भैया बादली घेऊन आला, गाडीत डोकावला, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि तिथेच उभा राहून एक डोळा हाताने झाकला. तुला वाटलं असेल मी ते विसरेन. तू त्याला तक्त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर विचारलंस आणि वर म्हणालास, तेरा एकदम ठीक है.

चूक मात्र कबूल केली नाहीस. "रस्ता वाकडा होता." पुढच्या रविवारी बघतो तर पिंप आणि पेटी पुढे, दाराच्या अलीकडे, खाली लाकडी ठोकळे मारून पक्की. मी पिंपाकडे बोट केलं. तू म्हणालास, "ते हिराला हाताशी पायजे म्हणून." त्यानंतर गाडीने कधी शेपूट हलवलं नाही, आणि त्यानंतरही वजन मागे पाहिजे की पुढे यावर तू माझ्याशी दर वेळी भांडलास, पुढे ठेवलेल्या पिंपाला टेकून भांडलास. पण खरं ते खरं. उलटी घेण्यात तुझा हात कोणी धरला नसता. पहिल्याच दिवशी जमलं तुला. जन्मभर सुकाणू धरलेला माणूस, एका बाजूला लोटलं की दुसरीकडे वळतं हे तुझ्या हाडांत होतं. माझा हात टी-स्क्वेअरवर वाढलेला. जिकडे वळवलं तिकडे जावं एवढीच माझी अपेक्षा असते.

किती ठिकाणी गेलो रे आपण. धरणाच्या कडेला, कुणाच्या तरी चिकूच्या बागेत, एकदा नुसतं पुलाच्या अलीकडे, कारण पुलावर पाणी होतं. गाडीचा एकच नियम होता आणि तो तुझा होता. कुणी कुणाचा डबा उघडून बघायचा नाही. वहिनी एका बाजूला कालवण करायच्या, शालिनी दुसऱ्या बाजूला थालीपीठ. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी मी पिंपावर पाणी घ्यायला गेलो तर शालिनी वहिनींच्या शेजारी बसून बोटं चाटत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "नियम आहे ना? मग बघू नका." मी काही खाल्लं नाही, तू कधी खा म्हणाला नाहीस. मी मात्र दर वेळी, अगदी दर वेळी, वरच्या फळीवर चढताना डोकं आपटलं की म्हणायचो, भांडुपची घेतली असती तर. आणि खालून तुझा आवाज यायचा, "नाळ वाकडी होती तिची."

आता कालचं सांगतो.

बोंबील गोळा करून झाले, खांब उभा केला, लोक पांगले. मी वहिनींच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. आणि तुला जे सात वर्षांत म्हणता आलं नाही ते त्यांना म्हटलं. म्हटलं, वहिनी, त्या लॉजवर मी तुम्हाला पिशवी ठेवायला सांगितली. त्या माणसाला बोलायला हवं होतं. तुमच्याबरोबर जीपमध्ये यायला हवं होतं. मी वर जाऊन झोपलो. हरेश्वरला हे सांगायचं राहिलं. माझा आवाज फुटला आणि मला लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या घरात त्यांचा पहिला.

त्यांनी बोंबलांची टोपली पुढे ओढली आणि निवडायला घेतले. मग म्हणाल्या, "झोपला कुठं तुमी? ते बोलले मला तवाच. माधव रातभर जागा असनार, म्हनले. सकाली चा घेऊन गेले ते त्याच्यासाठीच."

मी डोळे पुसले.

"आनि भावजी, ती भांडुपची गारी. ती मलाच आवरलेली. मी म्हनलं यांना, घेऊ. चांगली हाय, नवी हाय. तर म्हनले, ती दोघांची हाय. आपन आत निजलो तर माध्याला परत लॉज बघायला लागेल. न् परत कोनीतरी त्याला आरनाव इचारील." त्यांनी एक बोंबील वाकवून बघितला आणि टोपलीत टाकला. "चौघांचीच पायजे, म्हनले. कशी बी असू दे."

हऱ्या, मला वाटत होतं तू ती गाडी तुमच्यासाठी बघतोयस. परत कुणी वहिनींची पिशवी हुंगू नये म्हणून. मी त्या उपकाराला हातभार लावतोय असं समजून नकाशे काढत होतो. आणि तू दहिसरच्या त्या मोडक्या डब्यात उभा राहून बोटांवर मोजत होतास ते माझी फळी मोजत होतास. मला माफी मागायची वेळच येऊ नये म्हणून तू नाळेचं खोटं बोललास आणि सहा वर्षं त्या खोट्यावर ठाम राहिलास. वरच्या फळीवर डोकं आपटून मी शिव्या घालत होतो, आणि ती फळी माझ्यासाठी होती. एकदा तरी सांगायचंस रे. पण सांगितलं असतंस तर मला लॉजचं बोलावं लागलं असतं, आणि ते तुला ऐकायचं नव्हतं. आज ऐक. चुकलं माझं. आणि भांडुपच्या गाडीची नाळ वाकडी होती, हे मी लिहून देतो.

वडापाववाल्याला आज सकाळीच नाही म्हणून सांगितलं. रविवारपर्यंत थांबलो नाही. होड्यांच्या मधे गाडी घुसवणं मला या जन्मात जमणार नाही, तेव्हा यंदा तुझ्या भावकीतल्या पोरांनी हाताने ढकलून लावायचं कबूल केलंय. मी आता दर रविवारी आरेच्या रस्त्यावर उलटी घ्यायला शिकणार आहे. शालिनी शेजारी बसून सांगणार, उलट, उलट, आणि मग म्हणणार, तुमच्या उलट नाही, तिच्या उलट.

आषाढात आम्ही त्याच घाटावर जातोय. तो लॉज आहे ना, त्याच्या समोर रस्त्यापलीकडे मोकळी जागा आहे, मी तेव्हाच पाहिली होती, आपली गाडी सहज बसते. वहिनींनी बोंबील बाजूला काढून ठेवलेत. भाजणार मी आहे. शालिनी म्हणते, जाळाल. जाळीन, वास तेवढाच लांब जाईल. खाईन की नाही ते आत्ता सांगत नाही, नियम आहे. पिंप पुढे ठेवलंय. वहिनी म्हणाल्या, ते असते तर मागं ठेवा म्हनले असते. मी म्हटलं, म्हणाले असते, आणि ठेवलं पुढेच असतं.

आणि वासाने तो मालक बाहेर आलाच, रस्ता ओलांडून येऊन त्याने मला विचारलंच की आपण कोण, तर या वेळी मी आडनाव सांगणार नाही. सांगेन, आम्ही चौघं एका घरचे. तिघंच दिसताय, असं म्हणाला, तर दार उघडून देईन आणि म्हणेन, फळ्या मोजा.

तुझा,
माध्या